पडद्याच्या भोकातलं पोट

सभागृहात बायकांची इतकी गर्दी होती की पंखेसुद्धा अंग चोरून फिरत होते. समोर पांढरा पडदा, पडद्याला पोटापुरतं भोक. बाबा ब्रह्मचारी, परस्त्रीचं तोंड बघत नसत. पोट चालायचं.

पडद्यामागे बाई टेबलावर आडवी व्हायची. बाबा भोकातून दिसणाऱ्या बेंबीवर ओला कापूस दाबून डोळे मिटायचे आणि टप्, टप्! काचेच्या वाडग्यात गुळगुळीत, पारदर्शक गाठी पडायच्या.

"बीजकोशातल्या गाठी!" बाबा गरजले. "यांच्यामुळेच पाळी चुकते, अंगावर केस येतात. डॉक्टर वर्षानुवर्षं गोळ्या चारतात. मी? टप्!"

जाताना डॉक्टरांच्या गोळ्या दाराजवळच्या पिंपात टाकायच्या, म्हणजे श्रद्धा सिद्ध.

ताईने पर्समधून गोळ्या आधीच काढून ठेवल्या होत्या. कित्येक महिने तिची पाळी बेपत्ता होती. हनुवटीवरच्या केसांपायी ती घरातही स्कार्फ गुंडाळून वावरायची.

"ताई, गोळ्या टाकू नकोस गं," धाकटी बहीण म्हणाली.

"रोज सकाळी चिमटा घेऊन आरशासमोर तू बसतेस का?"

धाकटीने दाराबाहेर बोट दाखवलं. तिथे भावोजी, ताईचा नवरा, स्कूटरवर पेंगत होते.

"आधी भावोजींना टेबलावर झोपवू. बाबा खरे असतील तर ओळखतीलच."

"लगेच ओळखतील!" ताईने ठसक्यात स्कार्फ सोडून दिला.

"पण माझ्या पोटाचा काय संबंध?" उठवल्यावर भावोजी म्हणाले.

"काहीच नाही. म्हणूनच चला."

स्कार्फमध्ये तोंड गुंडाळून भावोजी आत गेले. भोकात त्यांचं पोट उगवलं. गोल, केसाळ. सभागृह हळहळलं.

"बघा!" बाबा गहिवरले. "केवढे हे केस! आजार फार पुढे गेलाय, बेटी." टप्, टप्, टप्. "जा, आता तुला मूल होईल."

"होईल की," पडद्यामागून घोगरा आवाज आला. "बायकोला विचारून सांगतो."

पडदा सरला. स्कार्फ सुटला, मिशा प्रकट झाल्या.

"पुरुषातही स्त्रीतत्त्व असतं..." म्हणत बाबा मागच्या दाराकडे सरकले. पुढच्या रांगेतल्या काकूंनी काळजीने विचारलं, "दादा, आता पाळी वेळेवर येईल ना?"

धाकटीने बाबांचा कापूस पिळला. आतून आणखी गाठी घरंगळल्या. "हे फुलदाणीत घालायचे जेलीचे मणी! पाण्यात फुगतात. कापसात लपवायचे, दाबले की बाहेर. आमच्या ऑफिसातल्या फुलदाणीत मूठभर आहेत, आणि तिची तब्येत उत्तम आहे."

ताईने गोळ्या पर्समध्ये परत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्रच काढलं. "या गाठी नाहीतच. अर्धवट वाढून थांबलेली बीजं आहेत. ओढून काढण्यासारखं आत काही नसतं. बिघाड हार्मोन्सचा. औषधं, चालणं, नीट जेवण, झोप यांनी तो आटोक्यात राहतो, पण हळूहळू. केसांवरही उपचार आहेत. बोलला का नाहीत?"

"लाज वाटली."

"आणि मी विचारलं नाही. चूक माझीही."

तेव्हा बायांनो, लाज सोडा, डॉक्टरांना प्रश्न विचारा, समजेपर्यंत पुन्हा विचारा. आणि जो तुमचं तोंड बघायला तयार नाही, त्याला पोट दाखवू नका.