डाव्या बाजूची सीट

"मागेच बस. पुढची सीट बिघडलीय, सरकत नाही."

यांचं हे वाक्य इतकी वर्षं ऐकलं की गाडीजवळ गेले की माझा हात आपोआप मागच्या दाराला जायचा. देवळात निघालो की पूजेची पिशवी मांडीवर घेऊन मी मागे बसायची. का, म्हणून कधी विचारलं नाही. आता विचारलं तरी सांगणारा आवाज नाही. माणूस आहे, ओटीवर खुर्चीत बसलेला आहे. श्रावणात एका सकाळी उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. 'ना' एवढाच शब्द उरला. चहा हवा असला तरी 'ना', नको असला तरी 'ना'. डॉक्टर म्हणाले, यांना कळतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत.

गाडी विकायचं केतनने ठरवलं. आमचा मुलगा, डोंबिवलीला असतो. गाडी गेली की आम्हा दोघांना तिकडे नेणार. जाहिरात टाकण्यासाठी त्याने फोन केला.

"आई, बाबांनी गाडी कधी घेतली?"

"माझं सोळा सोमवारांचं उद्यापन झालं त्याच महिन्यात. आपण पोफळीला वीजघराच्या कॉलनीत होतो. एक इंजिनियर साहेब निवृत्त होऊन गेले, त्यांची ती."

"जाहिरातीत उद्यापन लिहू का आता? बरं, म्हणजे बाबा दुसरे मालक. ॲक्सिडेंट वगैरे?"

"मला ठाऊक नाही रे."

"म्हणजे नाही. नाही असंच लिहितो."

गाडी विकायचा विषय निघाला की हे डावा हात किल्ल्यांच्या खुंटीकडे न्यायचे आणि 'ना, ना' करत राहायचे. बुधवारी तर फारच. पूर्वी दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून हे एकटेच गाडी घेऊन जायचे; आता सकाळपासून इस्त्रीच्या शर्टाकडे बघायचे, भरवायला गेले तर मान फिरवायचे. केतन म्हणायचा, जीव आहे त्यांचा गाडीवर, दुसरं काय. मलाही तेच वाटायचं.

मार्गशीर्षातल्या मंगळवारी शिरगावचा सर्वेश गाडी बघायला आला. लग्न ठरलेला मुलगा, नवा शर्ट घालून आलेला. बरोबर धाकू मेकॅनिक. धाकूने बॉनेट उघडलं, बंद केलं, खाली वाकून बघितलं आणि डाव्या दिव्यावर टिचकी मारली.

"हा दिवा नंतर बसवलेला हाय. मडगार्डपण रंगवलंय. काय ओ काकी, जाहिरातीत तर गाडी अगदी सोवळ्यातली म्हणून लिहिलीत."

"सोवळ्यात मी असते, गाडीचं मला ठाऊक नाही," मी म्हटलं. सर्वेश हसला.

"आणि ही पुढची डावी सीट एवढी मागे ढकलून कशाला ठेवलीय?"

"ती बिघडलीय. सरकत नाही."

धाकूने खालचा दांडा ओढला. सीट करकरत पुढे आली.

"चांगली तर हाय. एकाच जागी राहून गंजलीय जराशी. काका इथे गॅसचा सिलिंडर ठेवत असणार, बघा हां."

आमच्याकडे सिलिंडर घरपोच येतो. मी पुढे होऊन वाकले. पायाखालच्या रबरी चटईवर गोल गोल खळगे पडले होते, एकात एक. सिलिंडरचे नव्हते. रुपयाएवढे. तसलेच गोल ठसे गेले काही महिने मी रोज ओटीवरून पुसते आहे. यांच्या काठीच्या बुडाचे.

पण यांना काठी लागली श्रावणात. आणि हे बसायचे चालवायच्या जागेवर.

ओटीवरून 'ना, ना, ना' सुरू झालं. सर्वेशने तिकडे बघितलं.

"काकी, गाडीला काय झालेलं ते कळलं तर बरं. घरी विचारतात हो."

"विचारून सांगते," मी म्हटलं. कोणाला विचारणार, ते त्याने विचारलं नाही.

तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावला आणि यांच्याजवळ पाटावर बसले. डावा हात हातात घेतला. म्हटलं, हो असेल तर दाबा. मान फिरवू नका.

"गाडीने कोणाला लागलं होतं?"

बोटं आवळली.

"माणूस गेलं?"

हात सैल.

"बाईमाणूस?"

दाबला. माझ्या मनात नको ते आलं. दिव्यासमोर बसून आलं. पुढची सीट, इस्त्रीचा शर्ट, बुधवार. विचारायची जीभ होईना, तरी विचारलं.

"तरुण आहे?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग रडू लागले, तोंडाच्या एकाच बाजूने. मला माझीच लाज वाटली. पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"म्हातारी आहे. पाय गेला तिचा. दुमडत नाही, म्हणून सीट मागे."

दाबला.

"तिला गाडीतून नेत होतात. बाजारात? देवळात? दवाखान्यात?"

दवाखान्याला दाबला. हाडांचे डॉक्टर सिव्हिलला बुधवारी बसतात, हे मला तेव्हा आठवलं.

"दर बुधवारी न्यायचा शब्द दिला होता तिला?"

यांनी हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. श्रावणापासून ती बाई कुठे तरी दारात बसून वाट बघत असणार. आणि आम्ही म्हणत होतो, गाडीवर जीव आहे.

गाव विचारायला एकेक नाव घेत गेले. बसणी, काळबादेवी, आरे, नेवरे, गणपतीपुळे. मालगुंड म्हटल्यावर बोटं आवळली. पण नाव? नाव कसं विचारायचं? मी सुचतील ती नावं घेतली, सगुणा, गंगुबाई, धोंडूबाई. ते नुसते 'ना, ना' करत थकले. शेवटी मीच थांबले.

बुधवारी सकाळी सर्वेशला फोन केला. डावीकडून एका बाईला धडक बसलेली आहे, म्हटलं.

"काकी, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण नव्या नवरीला त्या गाडीतून आणायचं म्हणजे... घरी नाही चालणार."

सर्वेशकडून कळून मग केतनचा फोन आला. "आई, तुला कोणी विचारलं होतं? आता कोण घेणार ती? आणि तुम्हाला आणायचं कसं?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

पोथीचा अध्याय वाचून झाला. यांना इस्त्रीचा शर्ट घातला, लुळा हात आधी बाहीत. नाक्यावरच्या बाबल्या रिक्षावाल्याला बोलावलं. त्याला गाडी चालवता येते. दोघांनी मिळून यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं, मी शेजारी बसले.

"काकी, नाव नाय, वाडी नाय," बाबल्या म्हणाला, "मालगुंडात कोणाच्या दारात उभं करू?"

"हे दाखवतील."

"आणि नाय दाखवलं तर?"

"तर विचारत जाऊ. त्या बाईंना घेऊन सिव्हिलला यायचंय. बारापर्यंत डॉक्टर असतात."

त्याने आरशातून यांच्याकडे बघितलं आणि किल्ली फिरवली. यांनी डावा हात उचलून काचेला लावला, किनाऱ्याच्या रस्त्याकडे. बाबल्याने गाडी तिकडे वळवली.