लाल ठेवायचा की निळा?

मी लाल ट्रॅक्टर बोलतोय. पस्तीस एचपीचा, थेरोंड्याच्या धर्माजी कोळ्यांच्या घरचा. वय अठ्ठावीस. जन्मलो शेतासाठी, पण भातखाचरात चारच पावसाळे चिखलणी केली. मग धर्माजींनी मला विकत घेतलं आणि माझं काम झालं होड्या ओढणं. आलेली होडी ओल्या वाळूतून वर घ्यायची, निघालेली पाण्यात सोडायची. खाऱ्या पाण्याने माझे पत्रे खाल्ले, पण मी कामाला कधी नाही म्हटलं नाही.

यंदा दिवाळीनंतर अंगणात दुसरा ट्रॅक्टर आला. निळा, पन्नास एचपीचा. धर्माजींच्या मेहुण्याने पेणकडची शेती सोडली, त्याचा. तोही जुनाच. एक ठेवायचा आणि दुसरा भंगारात द्यायचा, असं घरात ठरलं.

दयाराम मिस्त्रीने दोघांची परीक्षा घेतली. मोठी होडी मी तीन दमांत ओढली, निळ्याने एकाच. सकाळी तो पहिल्या चावीला सुरू झाला, मी खोकत बसलो. डिझेल मात्र मी कमी प्यायलो. ते कोणी बोललंच नाही.

"लालचे पार्ट आता भेटत न्हाय," दयाराम म्हणाला. "रोजच्याला निळाच बरा."

धर्माजींनी मान डोलावली. गुरुवारी भंगारवाला येणार होता. माझं काय चुकलं ते मला कळेना.

सोमवारी धर्माजींची सून कोकिळा निळ्याला घेऊन किनाऱ्यावर उतरली. तिचा नवरा विनेश मांडव्याच्या बोटीवर नोकरीला लागला होता, म्हणून आता रोजचं ओढकाम तिच्याकडे. ती ट्रॅक्टर शिकली माझ्यावर, आणि अंगाने लहानखुरी. निळ्याच्या क्लचपर्यंत पाय पोचायला तिला सीटच्या कडेवर यावं लागे. उतारावर तो जड क्लच तिच्या पायाखालून सुटला. झटका बसून इंजिन बंद पडलं आणि निळा होडीसकट पाण्यात घसरला. वरून भरती चढत होती.

"कोकिळे, उडी टाक!" तिची सासू आवडाबाई पाटी टाकून धावली.

कोकिळा उतरली ती थेट किनाऱ्यालगतच्या अंगणात माझ्याकडे धावत आली. मी त्या दिवशी पहिल्या चावीला सुरू झालो, कसा ते मलाही ठाऊक नाही. दोर बांधला, मी ओढलं, मागून वीसेक माणसांनी ढकललं. निळा बाहेर आला. मला वाटलं, जिंकलो. पण दयाराम म्हणाला, "लालची कसली ताकद? मानसांनी काढला."

"ताकद ऱ्हाऊ दे," आवडाबाई कडाडली. "रोज चालवनार कोन? तिच्या पायाला इचारलात काय कोनी?"

धर्माजी सुनेच्या पायांकडे बघत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "लाल ऱ्हाऊ दे."

गुरुवारी भंगारवाल्याने निळ्याला नेलं. जाण्याआधी दयारामने त्याची बॅटरी आणि भोंगा काढून मला बसवला. परीक्षेत हरलेला मी राहिलो, जिंकलेला गेला. ह्याचा अर्थ मला अजून लागत नाही. निळ्या, रागावू नकोस रे.

आता कोकिळा भोंगा वाजवते तेव्हा आवाज त्याचा निघतो. मासळी निवडणाऱ्या बायका मान वर न करता म्हणतात, "सरका गो, निळा आला."

मग वर बघतात, तर मी असतो.