पाशामियाँनं फोडलेला हौदा

गुरुसिद्धप्पा आडत्या आणि त्याची बायको इरम्मा सरहद्दीपलीकडून, अक्कलकोटच्या नातेवाइकांकडून मुरुमला परत आले, तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. घराचं दार कुणीतरी काढून नेलं होतं, पण भिंती उभ्या होत्या. गुरुसिद्धप्पा घरात शिरलाच नाही. तो तडक मागच्या अंगणात गेला.

लिंबाखाली त्याची जुनी फोर्ड उभी होती. पुढं दोन-तीन माणसं बसतील एवढी जागा आणि मागं धान्य वाहायला पत्र्याचा उघडा हौदा. तो हौद्यात डोकावला. तळाला भोकंच भोकं पडली होती. एकातून तर माणसाचा पाय मांडीपर्यंत खाली गेला असता. बाजूचे पत्रे जागोजागी आत चेपले होते.

"कुणी केलं हे?"

कुंपणापलीकडून शेजारचा नागप्पा म्हणाला, "पाशामियाँनं. घण घेऊन आला अन् दुपारभर ठोकत बसला. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

पाशामियाँ म्हणजे गावातला पत्र्याचं काम करणारा. बादल्या, चाळण्या, कोठ्या, सगळं त्याच्याकडं. रझाकारांच्या भीतीनं गुरुसिद्धप्पानं गाव सोडलं, तेव्हा गाडीची किल्ली त्यानं भावाला नाही, पाशामियाँला दिली होती. चोरानं गाडी नेली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं.

"आता त्याचं नाव या घरात काढायचं न्हाय," तो बायकोला म्हणाला.

 इरम्मानं पदर खोचला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "अहो, इकडं या. पुढची काच बघा."

"काय झालंय काचंला?"

"काहीच न्हाय झालं. दिवे साबूत, काच साबूत, इंजिनाच्या टोपणावर ओरखडा न्हाय. रागानं गाडी फोडणारा माणूस आधी काच फोडंल का तळाचा पत्रा?"

गुरुसिद्धप्पानं काचेवरची धूळ हातानं पुसली.

पाशामियाँचं दुकान बंद होतं. हिंदुस्थानच्या फौजा आल्यावर गावोगाव मुसलमानांवर हात टाकले जात होते, त्या गडबडीत तो नाहीसा झाला होता. दूध घालायला येणाऱ्या कडूबाईला इरम्मानं खोदून खोदून विचारलं. कडूबाई आधी न्हाय न्हाय म्हणाली. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "वेशीबाहेर महांतप्पाच्या मळ्यात हाय. पण अक्का, मळ्यातल्या लोकांनी त्याला जीव लावून लपवून ठेवलाय. मारायला कुणाला धाडू नका."

दोघं नवरा-बायको चालतच मळ्यात गेले. कडब्याच्या गंजीमागून पाशामियाँ बाहेर आला. अंगावर महांतप्पाचा जुना सदरा, गालफडं बसलेली. गुरुसिद्धप्पाला बघून त्यानं हात जोडले.

"अप्पा, गाडी म्याच फोडली."

"का पाशाभाई? मी किल्ली तुमच्या हातात दिली होती."

"म्हणूनच तर! रझाकार किल्ली मागायला आले. म्हणले, सकाळी गाडी न्यायला येतो, खेड्यांवर जायचंय. आता त्या गाडीतून ते कुठं गेले असते अन् काय करून आले असते, तुम्हीच सांगा. गाडी तर सगळा मुलूख ओळखतो तुमच्या नावानं."

"नुसतं इंजिन बंद पाडायचं."

"पुर्जा काढला की! पण पुर्जा दुसरा मिळतो. हौदाच फाटला तर माणसं बसवणार कुठं? सकाळी आले, हौद्यात बघितलं, मला दोन लाथा घातल्या अन् गेले. पुर्जा माझ्या चुलीखाली पुरलाय. तेलात भिजवलेल्या फडक्यात."

 गुरुसिद्धप्पा बांधावर बसला, छातीवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखा.

"शरिफाबी कुठं हाय?" इरम्मानं त्याच्या बायकोचं विचारलं.

पाशामियाँनं मान खाली घातली. "कळंबला तिच्या भावाकडं धाडली होती, गडबडीच्या आधी. जिवंत हाय का न्हाय, अल्लालाच माहीत. रस्ते बंद. इथून निघायची माझी छाती होत न्हाय."

"आधी गावात चला," गुरुसिद्धप्पा उठला. "माझ्या शेजारून चालायचं. मग बघू कोण काय म्हणतंय."

ते भर बाजारातून गेले. लोक बघत राहिले. तालमीपाशी चार पोरं उठून उभी राहिली, तशी इरम्मा त्यांच्यापुढं जाऊन म्हणाली, "काय रे? वाट सोडा." पोरांनी वाट सोडली. पुढं एक म्हातारी दारातूनच ओरडली, "पाशामियाँ, आलास व्हय? माझ्या घागरीचं बूड गळतंय बघ!" पाशामियाँला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली भाता लागला. भोकांच्या कडा बाहेर फुलल्या होत्या, त्या पाशामियाँनं छिन्नीनं कापून ठोकून सपाट केल्या. तेलाचं जुनं टिपाड उभं चिरून त्याचा पत्रा काढला. ठिगळं भोकापेक्षा चार बोटं मोठी कापली आणि लालबुंद खिळे घालून दोन्ही बाजूंनी ठोकून बसवली. चेपलेल्या जागी गुरुसिद्धप्पा बाहेरून घण धरून बसायचा आणि पाशामियाँ आतून लाकडी मोगरीनं पोचे हळूहळू काढायचा. एका मोठ्या भोकापाशी गुरुसिद्धप्पा म्हणाला, "हे जरा जास्तच जोरात हाणलंय पाशाभाई."

"तेव्हा लई भ्यालो होतो अप्पा. हात थांबंना."

सगळ्या सांध्यांवर गरम डांबर फिरवलं. हौद्यात पाणी ओतून बघितलं, थेंब गळला नाही. पुर्जा बसवला, हँडल मारलं, आणि गाडी खोकत, धूर सोडत चालू झाली. नागप्पा कुंपणावरून टाळ्या वाजवायला लागला.

टाकीच्या तळाचं पेट्रोल तेवढ्यालाच पुरलं, नवं मिळायला वेळ लागला. मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच तिघं कळंबला निघाले. वाटेत नाक्यावर शिपायांनी गाडी अडवली, तेव्हा "आमच्या घरचं माणूस आणायला चाललोय," एवढंच गुरुसिद्धप्पा बोलला. 

कळंबला गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. पाशामियाँला उतरवेना. इरम्माच पुढं गेली आणि तिनं दार वाजवलं. आतून कडी निघाली. शरिफाबीच होती, पिठानं हात माखलेले. तिनं इरम्माकडं बघितलं, मग गाडीकडं, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

"अक्का, ते…"

"गाडीत बसलेत. पायाला कापरं भरलंय म्हणून उतरले न्हाईत."

परतीच्या वाटेवर पुढं जागा करून दिली तरी शरिफाबी हौद्यात बसली. मला हवा पाहिजे, म्हणाली. इरम्मा तिच्याजवळ बसली. दोघींनी भाकरी आणि चटणी खाल्ली, वर्षभराचं बोलल्या, रडल्या आणि कशावरून तरी मोठमोठ्यानं हसल्या. मग शरिफाबीला इरम्माच्या खांद्यावर डोकं टेकताच झोप लागली. पाशामियाँ मागच्या फटीतून सारखा वळून बघत होता.

"अप्पा, जरा हळू घ्या," तो म्हणाला.

गुरुसिद्धप्पानं गाडी बैलगाडीच्या चालीवर आणली.