मघाचं उत्तर

पडद्याची एक कडी गंजली होती. ओढला की तिथेच अडायचा... लढाईच्या दिवसांतल्या रेशनच्या कापडाचा पडदा. अलीकडे बाकावर खुर्शीद, पलीकडे डॉक्टर, आणि मध्ये दवाखान्याची दाई राहीबाई. नेवाशात पुरुष डॉक्टरानं बाईमाणसाला असलं थेट विचारायचं नाही. त्यांनी राहीबाईला सांगायचं, तिनं पडद्याआड वाकून कुजबुजायचं आणि उत्तर घेऊन यायचं.

"नवऱ्याजवळ असताना दुखतं म्हणतात. विचारा, लग्नापासून की मध्येच सुरू झालं?"

खोकल्याची चौकशी करावी तसा आवाज.

"लग्नापासूनच," राहीबाई म्हणाली.

टाक खरखरला. तेवढ्यात पडद्याआडून तिच्या पदराला हिसका बसला.

"मावशी, मला इचारलं कुठं तुमी?"

राहीबाई पडद्याआड वाकली. न विचारता कशी बोलले मी? — पण त्यात विचारायचं काय होतं? दुखतंच की. दात आवळायचे, सकाळच्या भाकरीला पीठ पुरेल का ते आठवत राहायचं, मालकांनी कूस बदलली की संपलं... आई एवढंच म्हणाली होती, सोसायचं असतं. ऊन लागतं तसं ते. उन्हाबद्दल कुणी डॉक्टरला विचारतं का?

"मग कवापासून गं?"

"पोर झालं तवापासून. आदी न्हाई." खुर्शीदनं तोंडावर पदर घेतला. "आदी... चांगलं वाटायचं." बाहेर व्हरांड्यात सासू खाकरली तशी ती दचकली. "नीट सांगा, मावशी. बरी न्हाई झाले तर सासू दुसरा निकाह लावनार हाय त्यांचा."

चांगलं. राहीबाई त्या शब्दाकडे बघत राहिली — कुणी भलत्याच घरचं भांडं आपल्या ओट्यावर आणून ठेवावं तशी.

"चुकलं माजं, डाक्टरसायेब," ती बाहेर येऊन म्हणाली. "बाळंतपनापासून हाय. आदी न्हवतं."

डॉक्टरांनी ओळ खोडली. "बरं झालं सांगितलंत. बाळंतपणात फाटलं असेल. त्यावर इलाज आहे. लग्नापासूनचं असतं, तर कारण दुसरीकडे शोधावं लागलं असतं." त्यांनी मान वर केली. "पण मग मघाशी..." ते थांबले, आणि उगाचच टाक दौतीत बुडवला. "विचारा, कळ येते की जळजळ?"

शोधावं लागलं असतं... म्हणजे तेही शोधतात? माझंही... त्याला कारण असतं?

पडदा कडीशी अडला. तिनं तो हातानं सारला, वाकली.

"कळ येती का जळजळ?"

खुर्शीद आठवू लागली. राहीबाईनं ओठ घट्ट मिटून धरले — कारण उत्तर वर येत होतं, तिच्याच पोटातून, आणि या वेळी ते तिला स्पष्ट ऐकू येत होतं.