राणीच्या नावाला मी वाजलो

मित्रांनो, मी एक जुना लाकडी करकरा आहे आणि जन्मापासून भित्रा आहे. ज्याचे कामच गोंगाट करणे, त्याने भित्रे असावे याचे तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण माझ्यावर काय गुदरले ते ऐकलेत, तर तुमचेही हातपाय गार पडतील.

दिसायला मी अगदी साधा आहे. एक मूठ, तिच्यावर दातेरी चाक आणि चाकाला टेकलेली एक पातळ पट्टी. मूठ धरून मला गरागरा फिरवले की पट्टी एकेका दातावरून उडी मारते आणि कर्रर्र असा आवाज निघतो. खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्या एका सुताराने उरलेल्या लाकडातून मला घडवले. पट्टी बसवण्याआधी तो ती कानाशी धरून पुन्हा पुन्हा वाकवून पाहत होता. आता मोडते की काय, या धास्तीने माझा जीव मुठीत आला होता. तसा मला मुठीखेरीज जीव ठेवायला दुसरी जागा तरी कुठे आहे?

सुताराने मला आपल्या मुलासाठी केले होते. तो मुलगा मोठा होऊन छापखान्यात खिळे जुळवू लागला. सुट्या अक्षरांचे शिशाचे खिळे तो इतक्या नेमकेपणाने लावी, की त्याच्या पानात चूक सापडत नसे. आमच्या वस्तीतल्या ज्यू लोकांच्या प्रार्थनागृहात वाचकाचे कामही त्याच्याकडेच आले.

पुरीम हा या लोकांचा सर्वांत आनंदाचा सण. त्या दिवशी चामड्याच्या गुंडाळीवर लिहिलेली एक जुनी कथा मोठ्याने वाचतात. एका दुष्ट प्रधानाने सगळ्या ज्यू लोकांना मारायचा बेत केला आणि एका धीट राणीने तो उधळून लावला, अशी ती कथा. वाचताना प्रधानाचे नाव आले की सगळे पाय आपटतात, करकरे फिरवतात आणि ते नाव गोंगाटात बुडवून टाकतात. त्यासाठीच माझा जन्म.

पण वाचकाची शिस्त कडक होती. "नावाच्या आधी नाही, नंतर नाही. नावावरच!" असे तो मुलांना बजावी. भलत्या जागी करकरा वाजला, तर तो वाचन थांबवी, चष्मा काढी आणि असा बघे, की वाजवणारा बाकाखाली शिरे. त्याच्या त्या नजरेला मीही टरकून असे.

या वाचकाला एक मुलगी होती. आवाजाला फार घाबरते म्हणून सगळे तिला ससुली म्हणत. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचके. सणाला वडील मला तिच्या हातात देत, पण ती मला मांडीवर ठेवून दोन्ही कान घट्ट झाकून घेई. मला वाईट वाटे, आणि खरे सांगू, बरेही वाटे. शिकण्यात मात्र ती पक्की होती. सण जवळ आला की बापलेक रोज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत. तो गुंडाळीतला मजकूर चालीवर म्हणे, ती मागोमाग म्हणे. एखादा शब्द चुकला की तो बोटाने टेबलावर टकटक करी आणि ती तो शब्द पुन्हा म्हणे. पाहता पाहता तिला सगळी कथा पाठ झाली.

त्या वर्षी सणाच्या सकाळी प्रार्थनागृहाचे सभागृह गच्च भरले होते. सणाच्या रीतीप्रमाणे सोंगे घेऊन कुणी अस्वल झाले होते, कुणी राजा, कुणी टपालवाला. वाचनानंतर मुलांचे नाटक होते आणि त्याचे कपडे ससुलीच्या मावशीने शिवले होते. मावशी शिवणकाम करायची, अंगाने भरभक्कम आणि बोलायला त्याहून भक्कम. वाचन सुरू झाले आणि तिच्या लक्षात आले, की मुकुटांची पेटी तळघरातच राहिली आहे.

"ससुले, चल गं जरा," ती कुजबुजली. "माझे गुडघे एकटे खाली जायला तयार नाहीत."

गोंगाटातून सुटका होणार म्हणून ससुली लगेच उठली. मी तिच्या कमरपट्ट्यात खोचलेला होतो. कुणाचेच लक्ष गेले नाही. ससुलीच्या आईला वाटले, दोघी नाटकाच्या तयारीला गेल्या.

पायऱ्या उतरून गेल्यावर एक लोखंडी दार होते आणि दारामागे खोल, ओली खोली. दार आपोआप मिटायचे, म्हणून मावशीने त्याला वीट लावली. मोडक्या खुर्च्यांच्या मागून पेटी ओढताना तिचाच पाय विटेला लागला. धाडकन दार मिटले आणि बाहेरची कडी खळकन पडली. तो आवाज ऐकून माझा एकेक दात शहारला.

"घाबरू नकोस," मावशी म्हणाली. "पेटीने दाराला धक्का देऊ."

त्यांनी पेटी मागे घेतली. पेटीचा लोखंडी कोपरा भिंतीवरच्या जुन्या पाइपवर आपटला. गंजलेला सांधा निखळला आणि पाण्याचा जाडजूड लोट खोलीत घुसला. दिव्याच्या बटणावर पाणी उडाले, चरचर झाली आणि दिवा गेला. छताजवळच्या जाळीतून तेवढा मळकट उजेड येत होता.

पाणी घोट्यापर्यंत आले. मग गुडघ्यापर्यंत. दोघी जिवाच्या आकांताने ओरडल्या. पण नेमके तेव्हाच वर प्रधानाचे नाव आले. पाय दणाणले, करकरे फिरले आणि त्या आनंदाखाली या दोघींच्या हाका चिरडून गेल्या.

"तो करकरा फिरव!" मावशी ओरडली.

ससुलीने मला उपसले आणि डोळे मिटून फिरवले. मी जीव तोडून वाजलो. पण वर माझ्यासारखेच कितीतरी जण वाजत होते. त्यात माझा आवाज कोण ओळखणार? मित्रांनो, इतके एकटे मला कधीच वाटले नव्हते. शिवाय मी लाकूड. पाणी अंगात मुरू लागले होते. चाक फुगले, पट्टी फुगली, की मी मुका होणार हे मला कळत होते आणि सांगता येत नव्हते.

इतक्यात ससुलीने हात थांबवला. मान वर करून ती ऐकू लागली.

"मावशी, चाल बदलली."

"कसली चाल घेऊन बसलीस? पाणी मांडीला लागलं!"

"रडकी चाल, मावशी. राणी घाबरलेली असते ना, तो भाग. आता बराच वेळ प्रधानाचं नाव येत नाही. सगळे गप्प बसून ऐकतात. आता राणीचं नाव येईल, तेव्हा वाजवते." मग तिने मला पुन्हा खाली घेतले. "पण बाबा चिडतील गं."

"चिडू देत, माझी बाई! चिडायला तरी खाली येतील ना!"

ससुलीने मला जाळीच्या दिशेने उंच धरले. वरून गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. राणीचे नाव आले आणि तिने मला फिरवले.

वर काय घडले ते मला नंतर समजले. भर शांततेत, थेट राणीच्या नावाला करकरा वाजला. लोक खुसुखुसू हसले. वाचकाने चष्मा काढून मुलांकडे पाहिले. अस्वलाने घाबरून दोन्ही रिकामे पंजे वर केले. वाचकाने पुढे वाचायला घेतले. पुन्हा राणीचे नाव आले आणि पुन्हा मी वाजलो. या वेळी कुणी हसले नाही.

खाली पाणी ससुलीच्या छातीशी आले होते. मावशीने तिला उचलून पेटीवर उभे केले आणि पेटी तरंगू नये म्हणून ती स्वतःच्या अंगाने दाबून धरली. माझे चाक जड झाले होते. तिसऱ्यांदा राणीचे नाव आले. ससुलीने सगळा जोर लावला. मी एकदाच घोगरा ओरडलो आणि माझी पट्टी कडकन चिरली.

मग कुणीच काही आवाज केला नाही. ना वर, ना खाली. ती शांतता मला आजही सोसत नाही.

"हा आवाज वरचा नाही," वाचक म्हणाला. "खालून येतोय." आणि जन्मात कधी वाचन अर्धवट न सोडलेला तो माणूस गुंडाळी दुसऱ्याच्या हाती देऊन जिन्याकडे धावला.

पाण्याच्या दाबाने कडी जाम झाली होती. हातोड्याचे घाव पडू लागले. प्रत्येक घावाला मावशी म्हणायची, "आलेच बघ, आलेच." शेवटी कडी उडाली, दार उघडले आणि पाण्याबरोबर आम्ही बाहेर फेकले गेलो.

वाचकाने लेकीला छातीशी धरले. मग तो म्हणाला, "ससुले, राणीच्या नावाला?"

"चुकून नाही हो बाबा," ती हुंदके देत म्हणाली. "मुद्दाम."

तो ढसाढसा रडला. मावशी मात्र पायरीवर बसून पदर पिळत होती. "भाऊजी, रडणं मग," ती म्हणाली, "आधी त्या पाइपाचं तोंड बंद करा. मुकुट गेले सगळे वाहून."

नंतर वाचन पुढे सुरू झाले. राजाचा झगा पांघरून ससुली पुढच्या बाकावर बसली होती. वाचकाची नजर सारखी तिच्याकडे वळत होती, त्यामुळे त्याला ओळच सापडेना. तेव्हा तिने हळूच पुढचा शब्द सांगितला. त्याने तो उचलला आणि वाचले. त्या दिवशी गोंगाट झाला तेव्हा तिने कान झाकले नाहीत. ती मला दोन्ही हातांनी धरून नुसती थरथरत होती.

पुढे माझे दिवस काही सुखात गेले नाहीत. मोडका म्हणून मला एका खोक्यात टाकले आणि खोके मोरीजवळ ठेवले. नळ टपटपला की मी घाबराघुबरा होई. पुष्कळ वर्षांनी ससुलीनेच मला शोधून काढले. आता ती प्रार्थनागृहात मुलांना वाचन शिकवते. तिने माझी चीर सरसाने जोडली, मला उन्हात वाळवले आणि वर्गातल्या फळीवर ठेवले. मी आता कर्रर्र करत नाही, खर्रर्र करतो. मुले हसतात. हसू देत.

मित्रांनो, लाकडाच्या वस्तू कोरड्या जागी ठेवा, दाराच्या कड्या आणि जुने पाइप वेळीच दुरुस्त करा, एवढे तर मी सांगेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या सणात तुम्ही हवा तेवढा दंगा करा. फक्त मधेच एकदा थांबून आजूबाजूला पाहा, आपल्यातले कुणी कमी तर नाही ना. आणि कुणी भलत्या वेळी ओरडले, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. आधी जाऊन बघा, त्याच्या पायाखाली काय आहे.