कुंपणाच्या आत

आमच्या दफनभूमीच्या फाटकाची किल्ली वासुदेवरावाच्या करगोट्याला असायची. वडनेरपासून कोसभर आत आमची वस्ती. थोडी ख्रिस्ती घरं, मातीच्या भिंतींचं चर्च, आणि महिन्यातून एकदा येणारे फादर. फादर नसताना त्यांची ऐट वासुदेवराव सांभाळायचा. तो माझाच विद्यार्थी. शिकवलेलं सगळं विसरला, पण सगळ्यांच्या पुढे बसायची सवय मात्र जपली.

१९५४ चा वैशाख होता. रविवारी सकाळी मी चर्चसमोरच्या कडुलिंबाखाली मुलांकडून धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घेत होतो. वासुदेवराव शेजारी खुर्ची टाकून बसला होता. तेवढ्यात तानबा आला. त्याच्या हातात धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं पोर होतं. पहाटे जन्मलं, घटकाभर जगलं. मागे आमची सुईण पंचफुला, पदर अजून कमरेला खोचलेला.

"वासुदेवराव, किल्ली द्या जी," तानबा म्हणाला. "ऊन चढून राह्यलं. पोराले ठेवतो."

"बाप्तिस्मा झाला का त्याचा?"

बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला कुंपणाच्या आत जागा नसे. त्याला बाहेर, बोरीच्या झुडपांत पुरायचे. तानबाचं पहिलं मूल तिथंच होतं. दुसऱ्या दिवशी तिथं कुत्र्यांनी उकरलेली माती त्यानं आपल्या हातानं लोटली होती.

"झाला जी. योसेफ नाव ठेवलं. पंचफुलाबाईनं पानी टाकलं."

"बाईनं?" वासुदेवराव खुर्चीतून उठलाच. "बाईचा बाप्तिस्मा मी नाई मानत. आज पोरावर पानी टाकलं, उद्या वेदीवर उभी राहीन, अन् परवा मनीन, मी फादर झाली, माह्या हाताले मुका द्या!"

"मले फादर होऊन काय करा लागते?" पंचफुला म्हणाली. "तुमचे पाप आयकत बसू? एवढं माह्या पोटात मावनार नाई, वासुदेवराव."

मुलं खिदळली. तानबा हसला नाही. त्यानं गाठोडं एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

मी मुलांकडे वळलो. "फादर जवळ नाहीत आणि जीव जातो आहे. बाप्तिस्मा कोण देईल?"

"कोणीही देईल, पुरुष असो वा स्त्री!" मुलं एका सुरात ओरडली.

"ते पोट्ट्यायचं पुस्तक हाय, मास्तर."

"खरं आहे. याच उत्तराबद्दल फादरनी तुला संत अंतोनीचं चित्र दिलं होतं. मोठेपणी उत्तर बदलतं, हे मला ठाऊक नव्हतं. बरं, वासुदेवा, तुझा बाप्तिस्मा कोणी दिला?"

तो करगोट्याची किल्ली चाचपू लागला. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सगळं माहीत होतं. मानमोडीच्या साथीच्या साली तो जन्मला, तेव्हा घराघरांत माणसं मरत होती आणि फादर स्वतःच तापानं पडले होते. त्याचं अंग निळं पडलेलं पाहून त्याची आत्या जिजाबाई हिनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. तांब्या मी धरला होता.

"मंग फादरनं पवित्र तेल लावलं ना!" तो म्हणाला.

"तेल लावलं. पाणी पुन्हा नाही टाकलं. खऱ्या बाप्तिस्म्यावर दुसऱ्यांदा पाणी टाकत नाहीत."

"अगाई!" पंचफुलानं गालावर हात ठेवला. "बाईचं पानी खोटं, तं तुमी बी कुंपनाच्या बाहीरच जी! चर्चमंदी लागलेलं लगन बी गेलं. घरी सांगून येऊ का?"

वासुदेवरावानं करगोट्याची किल्ली ओढून काढली आणि धुळीत फेकली. "आत न्या पोराले. पन बाईनं फाटकाच्या आत पाय टाकाचा नाई!" धर्माचं एवढं रक्षण करून तो जेवायला घरी गेला.

तानबा वाकला. किल्ली उचलून त्यानं धोतराला पुसली आणि पंचफुलाच्या हातात दिली. "तुमीच उघडा बाई. माह्ये हात गुतले हायेत."

फाटक तिनं उघडलं. योसेफला कुंपणाच्या आत, चिंचेच्या सावलीत ठेवलं. प्रार्थना मी म्हटली, मुलांनी साथ दिली. तानबा बराच वेळ हातानं माती दाबत होता.

परतताना सुलोचना नावाची माझी नऊ वर्षांची विद्यार्थिनी म्हणाली, "मास्तर, बाईले सर्गाचं दार उघडता येते, तं फादरवानी वेदीवर मिस्सा काऊन नाई करता येत?"

पुस्तकातलं उत्तर मी दिलं. प्रभूनं बारा प्रेषित निवडले, ते सगळे पुरुष होते.

"पन प्रभूच्या खुरसाजवळ तं बारातला एकच उरलता. बाकी पळाले. तिथं बायाच होत्या. तुमीच शिकवलं."

शिकवलं होतं खरं. पळून गेलेल्यांच्या नावानं एवढी मिरवणूक का, याचं उत्तर मात्र माझ्या पुस्तकात नव्हतं. तिला मी तसं सांगितलं.

किल्ली पंचफुलाकडेच राहिली. वासुदेवराव ती मागायला एकदाच तिच्या दारात गेला. ओसरीवर बायका बसल्या होत्या. पंचफुला सुपातली तूर पाखडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "देतो जी. पन आधी सांगा, तुमचा बाप्तिस्मा झाला हाय का?"