अर्धा किलो

वेर्नरने पिस्तुलाची लाकडी मूठ काढून टेबलावर ठेवली आणि चष्म्यावर दुसरं भिंग चढवलं. त्याच्या बायकोच्या, आनेलीच्या तळव्याचा घाम मुरून मूठ एका जागी काळी पडली होती. ती बाजू त्याने खाली केली.

सिल्विया टपालखात्याच्या पिवळ्या जाकिटातच समोर उभी होती. बाहेर तिची गाडी सुरूच होती.

"बोट टेकलं न टेकलं की छर्रा सुटतो," ती म्हणाली. "काल पहिलाच लाकडी चौकटीत घुसला. रुडी म्हणतो, सुताराशी वैर आहे का तुझं?"

"रुडी काय म्हणतो ते मला सांगू नकोस."

सिल्वियाने जीभ चावली. तिच्यासारख्या नव्या नेमबाजालाही हे माहीत होतं. नेमबाजी क्लबचा कप्तान रुडी चीज डेअरीत दिसला, की वेर्नर रिकामी पिशवी घेऊन घरी परततो. आनेलीच्या दफनाच्या दिवशी रुडीने हात पुढे केला, तेव्हा वेर्नरने आपला हात कोटाच्या खिशात घातला होता. सगळ्या गावादेखत.

"शनिवारी सामना आहे. तोवर होईल ना?"

"तेल घट्ट झालं असेल. तिने क्लब सोडल्यापासून कपाटातच होतं ना ते. उद्या ये."

"आणि तुम्हाला नको वाटत असेल, म्हणजे, तिचं पिस्तूल मी वापरलेलं..."

"पिस्तूल पडून राहिलं की बिघडतं," वेर्नर म्हणाला. "जा, तुझी पत्रं थंड होतील."

ती हसली आणि गेली.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या या पिस्तुलाचा चाप दोन टप्प्यांत ओढायचा असतो. पहिल्या टप्प्यात तो नुसता मागे येतो. मग बोटाला अडथळा लागतो. तिथे थांबायचं, नेम पक्का करायचा आणि जरासा जोर द्यायचा. वेर्नरने बोट ठेवलं. अडथळा लागलाच नाही. चाप पाण्यातून ओढावा तसा मागे आला आणि टक् वाजला.

त्याने जुनं तेल पुसून काढलं. चाप जिथे अडतो ती खाच भिंगाखाली धरली. कड झिजली नव्हती. स्प्रिंग काढून दाबून पाहिली, तीही ठणठणीत होती. सगळं पुन्हा जोडलं आणि बोट ठेवलं. टक्.

आता एकच जागा राहिली होती. चापाचा जोर कमी-जास्त करणारा स्क्रू. तो त्याने मुद्दामच शेवटी ठेवला होता, कारण तो हलणं शक्य नव्हतं. त्यानेच तो बसवला होता आणि वर नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा धातूच्या अंगावर. स्क्रू केसभर जरी फिरला तरी ठिपक्याचे दोन तुकडे दिसतात. रंगाची बाटली याच कामासाठी आणलेली. आनेलीने नखं कधी रंगवली नाहीत. म्हणायची, गाईंना काय कळणार त्यातलं.

त्याने दिवा जवळ ओढला.

त्याचा ठिपका तुटला होता. अर्धा तुकडा जागेवर होता. त्याच्या शेजारी, स्क्रू सैल होतो त्या दिशेला, दुसरा ठिपका होता. मग आणखी एक. पुढे आणखी. दर वेळी आधीचा ठिपका सुईने खरवडून काढायचा प्रयत्न झाला होता, पण रंग खाचेत राहिला होता. पहिले ठिपके नीटस होते, त्याच्या ठिपक्यासारखेच. मग ते मोठे होत गेले. शेवटचा नुसता ओघळ होता, स्क्रूच्या खालपर्यंत गेलेला.

वेर्नरने भिंग काढलं. खिडकीतून शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र दिसत होतं. ते शेताच्या टोकाला जाऊन वळलं, पुन्हा टोकाला गेलं, पुन्हा वळलं.

मग त्याने मूठ बसवली, पिस्तूल पेटीत ठेवलं, रंगाची बाटली खिशात टाकली आणि टोपी घातली.

शाळेच्या तळघरात, क्लबच्या नेमबाजीच्या जागेत, रुडी एकटाच खाली पडलेले छर्रे झाडत होता. पायऱ्यांवर पावलं वाजली तसं त्याने वर पाहिलं आणि पुन्हा झाडू लागला.

"मुलांना सुट्टी आहे," तो म्हणाला. "मला मारायचं असेल तर मार, वर कुणाला ऐकू जाणार नाही."

"वजन दे."

"तुझ्या घरी नाही वजन?"

"दे म्हटलं ना."

रुडीने झाडू भिंतीला टेकवला. कपाटातून अर्ध्या किलोचं पितळी वजन काढलं आणि टेबलावर ठेवलं. सामन्याआधी प्रत्येक पिस्तुलाची तपासणी याच वजनाने होते. नळी वर करायची, वजनाचा आकडा चापात अडकवायचा आणि पिस्तूल उचलायचं. वजन उचललं गेलं तर ठीक. उचलण्याआधीच चाप सुटला, तर ते पिस्तूल सामन्यात चालत नाही.

वेर्नरने पेटीतून पिस्तूल काढलं, आकडा अडकवला आणि उचललं. टक्. वजन टेबलावरच राहिलं.

रुडीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "थून शहरातल्या सामन्याआधी तपासणीला मीच होतो," तो म्हणाला. "दोनदा उचललं. दोन्ही वेळा असंच. मी म्हटलं, आनेली, वेर्नरला सांग, पाच मिनिटांचं काम आहे. तर म्हणाली, मीच सैल केलाय. बोटात जोर राहिला नाही."

"थूनचा सामना," वेर्नर म्हणाला. "म्हणजे हिवाळ्याच्या आधी."

"हो."

"आजाराचं मला तिने पुढच्या वसंतात सांगितलं. हातातून दुधाचं भांडं पडलं तेव्हा."

"मला ठाऊक आहे."

"आणि तू गप्प बसलास."

"तिने शपथ घातली. म्हणाली, वेर्नरला कळलं ना, तर तो घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवील. एक हिवाळा तरी मला बाईसारखं राहू दे, आजाऱ्यासारखं नको." रुडीने नाक ओढलं. "मग म्हणाली, असं पिस्तूल चालणार नाही, क्लब सोडते; पण का सोडला विचारेल तर काय सांगू? मी म्हटलं, माझं नाव सांग. रुडीशी भांडले म्हण. ते कुणालाही पटतं."

वेर्नर खुर्चीवर बसला. घरी कपाटात मुरंबे होते, काकड्या होत्या, तिने घातलेलं बीट होतं. सगळ्या बरण्यांची झाकणं त्यानेच सैल केली होती, त्याच वसंतात. ती अजून तशीच होती.



"सिल्वियाला शनिवारी लागेल हे," रुडी म्हणाला. "पण तुला तसंच ठेवायचं असलं तर ठेव. तिला मी माझं देईन. तिचा नेम तसाही दोन्हीने चौकटीतच जाणार."

वेर्नरने खिशातून बारीक पेचकस काढला. टोक स्क्रूच्या खाचेत ठेवलं आणि थांबला. मग हलक्या हाताने फिरवू लागला. ओघळ मागे पडला, मग एकेक ठिपका मागे पडत गेला. त्याने नळी वर केली, आकडा अडकवला आणि उचललं. पितळी वजन टेबलावरून सुटलं आणि हवेत हळूच हललं.

"बसलं," रुडी म्हणाला.

जुने ठिपके वेर्नरने पुसले नाहीत. नवीन ठिपका द्यायला त्याने खिशातून बाटली काढली आणि झाकण पिळलं. फिरेना. कडेला रंग ओघळून वाळला होता, झाकण बाटलीला चिकटून बसलं होतं. त्याने रुमाल धरून पुन्हा जोर लावला. मग बाटलीकडे बघत राहिला.

रुडी झाडू घ्यायला वळला होता.

"रुडी," वेर्नरने हाक मारली आणि बाटली पुढे केली. "उघडून दे."

रुडीने दोन्ही हात पँटला पुसले आणि बाटली घेतली.